पीसी गेमिंगसाठी व्हीआर हेडसेट: गोव्यातल्या घरासाठी निवड कशी करावी

डोळ्यांवर चढवून खेळाच्या जगात नेणारा व्हीआर हेडसेट घ्यायचं ठरलं की सगळे आधी विचारतात, ‘कुठला सगळ्यात चांगला?’ मी उलट विचारतो: खेळायचं काय आहे, संगणक कुठला आहे, चष्मा आहे का, आणि घर कसं आहे? या चार प्रश्नांची उत्तरं हाताशी असली की बाजारातल्या एवढ्या नावांतून दोन-तीनच उरतात. रिझोल्यूशनचे, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांचे, आकडे शेजारी शेजारी मांडून सुरुवात केली की माणूस हमखास भरकटतो. हेडसेटमध्ये पडदा कितीही बारीक असो, तुमचा संगणक तेवढं चित्र तयार करू शकतो का आणि ते हेडसेटपर्यंत नीट पोचतं का, यावरच सगळं ठरतं.

गोव्यात याला आणखी दोन गोष्टी जोडल्या जातात. एक म्हणजे चिऱ्याच्या भिंती, ज्या वाय-फायला सहजी पलीकडे जाऊ देत नाहीत. दुसरी म्हणजे इथली हवा. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी धरते, तिथे भिंगं आणि फोम असलेलं यंत्र तसंच टेबलावर ठेवून चालत नाही. पुण्या-मुंबईहून किंवा परदेशातून येणाऱ्या सल्ल्यात या गोष्टी नसतात, पण इथे राहणाऱ्याला त्या पहिल्याच पावसाळ्यात भेटतात.

पायरी १: काय खेळणार ते आधी ठरवा

पीसीवरच्या व्हीआर खेळांचे ढोबळ दोन गट आहेत. एकात अंग हलतं: बीट सेबर, मुष्टियुद्धाचे खेळ, नेमबाजी, आणि २०२० साली आलेला हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स. हा शेवटचा खेळ आजही पीसी व्हीआर घ्यायचं एक मोठं कारण आहे. त्यात खाली बसावं लागतं, कपाटाआडून डोकवावं लागतं, हातातल्या बंदुकीत गोळ्या स्वतः भराव्या लागतात. अशा खेळांना वायर नसलेला, हलका आणि घाम पुसून लगेच स्वच्छ होणारा हेडसेट हवा. चित्र थोडं कमी धारदार असलं तरी खेळाच्या नादात ते जाणवत नाही.

दुसरा गट बसून खेळायचा. विमानांचे मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर आणि डीसीएस, गाड्यांच्या शर्यतीचा असेटो कोर्सा. इथे तुम्ही खुर्चीत बसलेले असता, त्यामुळे मागे लोंबणारी वायर आड येत नाही. मात्र विमानाच्या फलकावरचे बारीक आकडे वाचता आले पाहिजेत. दाबोळीच्या पठारावरच्या धावपट्टीकडे वळताना खाली झुआरी दिसते ती कोणत्याही हेडसेटमध्ये सुंदरच दिसते, पण उंचीचा आकडा वाचायला प्रत्येक वेळी मान पुढे न्यावी लागली तर त्या उड्डाणात राम राहत नाही. या गटासाठी धार महत्त्वाची. वजनही महत्त्वाचं, कारण एक-एक बैठक दोन-दोन तास चालते.

दोन्ही खेळणार असाल तर ज्याला जास्त वेळ देणार त्याच्या बाजूने निवडा. दोन्हीकडे अव्वल असणारा हेडसेट परवडण्याजोग्या किमतीत मला अजून भेटलेला नाही.

पायरी २: संगणक तपासा

फुल एचडी मॉनिटरवर सुमारे २१ लाख ठिपके असतात, ४के मॉनिटरवर सुमारे ८३ लाख. मेटा क्वेस्ट ३ या हेडसेटमध्ये प्रत्येक डोळ्यासमोर २०६४ गुणिले २२०८, म्हणजे दोन्ही मिळून सुमारे ९१ लाख. शिवाय भिंगामुळे चित्र कडेला ताणलं जातं, ते सरळ करायला संगणकाला पडद्यापेक्षा मोठं चित्र रंगवावं लागतं. आणि हे सगळं घड्याळ लावून: ७२ हर्ट्झला (म्हणजे सेकंदाला ७२ चित्रं) एक चित्र १३.९ मिलिसेकंदांत तयार व्हायला हवं, ९० हर्ट्झला ११.१, १२० हर्ट्झला ८.३. मॉनिटरवर एखादी फ्रेम, म्हणजे एक चित्र, चुकली तर कळतही नाही. हेडसेटमध्ये चुकली की डोकं वळतं आणि जग मागे राहतं, आणि पोटात ढवळायला तिथूनच सुरुवात होते.

हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्ससाठी तो बनवणाऱ्या वाल्व कंपनीने किमान जीटीएक्स १०६० किंवा आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड, सहा जीबी ग्राफिक्स मेमरी आणि १२ जीबी रॅम सांगितली आहे. तेवढ्यावर खेळ चालतो. पण आजच्या हेडसेटची धार अनुभवायची तर माझ्या मते आरटीएक्स ४०६० च्या वर्गातलं कार्ड ही मधली पायरी धरावी, आणि फ्लाइट सिम्युलेटर करायचं असेल तर त्याच्याही वर जावं, ग्राफिक्स मेमरी १२ जीबी किंवा जास्त असलेलं. कार्ड जुनं असेल तर महागडा हेडसेट घेऊन उपयोग नाही. आहे त्या पैशांत कार्ड बदला आणि साधा हेडसेट घ्या, त्यातून जास्त आनंद मिळेल.

आता पोर्ट पाहा. ही तपासणी बहुतेक जण करत नाहीत आणि मग घरी खोकं उघडल्यावर अडतात. काही हेडसेटना डिस्प्लेपोर्ट, म्हणजे चित्र बाहेर काढायचं एक वेगळं सॉकेट, लागतंच. एचडीएमआय पोर्टला साधा कन्व्हर्टर लावून ते काम होत नाही. डेस्कटॉप असेल तर ग्राफिक्स कार्डावर मोकळं डिस्प्लेपोर्ट आहे ना, एवढंच पाहायचं. लॅपटॉपमध्ये गोष्ट नाजूक आहे. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपना फक्त एचडीएमआय असतं. यूएसबी-सी मधून डिस्प्लेपोर्ट निघत असलं तरी ते कधी प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला जोडलेलं असतं, मुख्य कार्डाला नाही, आणि तसं असेल तर हेडसेट चालत नाही. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर त्याच्या कंट्रोल पॅनेलमध्ये फिजएक्सच्या पानावर कुठलं पोर्ट कुठल्या चिपला जोडलं आहे त्याचं चित्र दिसतं. बाहेरचा मॉनिटर त्या पोर्टला लावून ते पान उघडा, लगेच उलगडा होईल. क्वेस्टसारख्या हेडसेटना डिस्प्लेपोर्ट लागतच नाही, त्यामुळे लॅपटॉपवाल्यांनी आधी तिकडेच पाहावं.

पायरी ३: डोळ्यांचं माप घ्या

दोन बाहुल्यांच्या मध्यांमध्ये जे अंतर असतं त्याला आयपीडी किंवा नुसतं पीडी म्हणतात. मोठ्या माणसात ते सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं, पण ५५ वाले आणि ७० वालेही आपल्याच घरात सापडतात. हेडसेटची भिंगं त्या अंतरावर आली नाहीत तर चित्र धूसर दिसतं आणि अर्ध्या तासात कपाळ दुखू लागतं.

माप घ्यायला चष्म्याच्या दुकानात जा, ते तुमचा पीडी लगेच सांगतात. नवीन चष्मा केला असेल तर कागदावर लिहिलेलाही असतो. घरी करायचं तर शाळेतली स्टीलची पट्टी घ्या आणि समोर कुणालातरी बसवा. पट्टी भुवयांना टेकवून धरा, दूरच्या खिडकीकडे बघा. समोरच्याने उजव्या बाहुलीच्या मध्यापासून डाव्या बाहुलीच्या मध्यापर्यंत वाचायचं. दोन-तीनदा वाचून सरासरी घ्या.

हे माप कामी येतं ते असं. क्वेस्ट ३ ला चाक आहे, भिंगं हवी तिथे सरकतात. क्वेस्ट ३एस ला फक्त तीन टप्पे आहेत: ५८, ६३ आणि ६८. तुमचं माप ६१ किंवा ७१ असेल तर ३एस घालून पाहिल्याशिवाय घेऊ नका. घरात तिघे-चौघे वापरणार असतील तर चाकवाला हेडसेटच बरा.

चष्म्याचं म्हणाल तर, हेडसेटमधलं चित्र डोळ्याला साधारण दीड मीटरवर असल्यासारखं वाटतं. म्हणून फक्त वाचायला चाळिशी लावणाऱ्यांना ती बहुधा लागत नाही. लांबचं दिसत नाही, म्हणजे मायनस नंबर आहे, त्यांना मात्र चष्मा बहुधा हवाच. चष्मा आत घालून खेळता येतं, पण चष्म्याची काच हेडसेटच्या भिंगाला घासली की ओरखडा कायमचा राहतो. क्वेस्ट ३ मध्ये चेहऱ्याची गादी पुढे-मागे करता येते, ३एस बरोबर चष्म्यासाठी वेगळी चौकट येते. ती लावायला विसरू नका. रोज खेळणार असाल तर तुमच्या नंबरची, हेडसेटमध्येच बसणारी भिंगं बनवून घ्या. महाग वाटतात, पण नेहमीच्या खेळणाऱ्याला त्यांच्याइतकी उपयोगी दुसरी वस्तू नाही.

पायरी ४: खोली

उभं राहून खेळायला दोन मीटर गुणिले दोन मीटर मोकळी जागा धरा. पर्वरी किंवा ताळगावच्या फ्लॅटमध्ये सोफा भिंतीला सरकवला की एवढी निघते. फोंडा, डिचोली, पेडण्याकडच्या जुन्या घरांत माजघर भलं मोठं असतं, पण मध्ये खांब असतात, उंबरा असतो, कधी झोपाळा टांगलेला असतो. खेळायची हद्द आखताना हे सगळं हद्दीबाहेर ठेवा.

सगळ्यात आधी वर बघा. छताचा पंखा! हेडसेट चढवून हात उंचावला की कंट्रोलर थेट पात्यांत जातो. उंच कौलारू घरात प्रश्न येत नाही, स्लॅबच्या खोलीत हमखास येतो. पंखा बंद ठेवा आणि त्याऐवजी एका कोपऱ्यात टेबल फॅन लावा. वाऱ्याची झुळूक नेहमी एकाच बाजूने येत राहिली की डोळे झाकलेले असतानाही आपण कुठल्या दिशेला तोंड करून उभे आहोत ते कळतं, आणि मळमळही कमी होते.

जमीन गुळगुळीत फरशीची किंवा घोटीव सिमेंटची असेल तर घामेजल्या पायांनी घसरायला होतं. मध्यभागी एक लहान गोल चटई टाका. पायाला चटई लागते तोवर तुम्ही मधोमध आहात, हे न बघता समजतं.

ज्या हेडसेटमध्ये कॅमेरेच हालचाल टिपतात त्यांना खोलीत उजेड लागतो. काळोखात हात हरवतात. थेट ऊन मात्र नको. मोठा आरसा, काचेचं कपाट यांवर पडदा टाका. काही हेडसेट हालचाल टिपायला खोलीच्या कोपऱ्यांत लावायच्या छोट्या पेट्या वापरतात, त्यांना बेस स्टेशन म्हणतात. अशा हेडसेटना तर आरसा अजिबात चालत नाही. बेस स्टेशन समोरासमोरच्या कोपऱ्यांत, डोक्याच्या वर बसवायची असतात. दर चवथीला हॉलमध्ये गणपती बसत असेल आणि वर माटोळी, म्हणजे फळा-पानांची सजावट, बांधली जात असेल तर बेस स्टेशन दुसऱ्या खोलीतच लावलेली बरी. काढून पुन्हा लावली की सगळी आखणी नव्याने करावी लागते.

पायरी ५: चित्र कुठल्या वाटेने येतं ते पाहून तुलना करा

खरी तुलना इथे आहे. संगणकातून हेडसेटपर्यंत चित्र जायच्या तीन वाटा आहेत.

पहिली, डिस्प्लेपोर्टची वायर. चित्र जवळजवळ जसंच्या तसं जातं, उशीर अत्यंत कमी. पिमॅक्स क्रिस्टल लाइट, बिगस्क्रीन बियॉन्ड, वाल्व इंडेक्स आणि अडॅप्टर लावलेला प्लेस्टेशन व्हीआर२ या वाटेचे. दुसरी, यूएसबी वायर. क्वेस्टची लिंक केबल म्हणजे ही. इथे एक गैरसमज दूर करायला हवा: वायर लावली तरी क्वेस्टमध्ये चित्र व्हिडिओसारखं दाबूनच पाठवलं जातं आणि हेडसेटमधली चिप ते उलगडते. वायरचा फायदा म्हणजे स्थिरता. तिसरी, वाय-फाय. मेटाचं एअर लिंक, वाल्वचं स्टीम लिंक ही मोफत. व्हर्च्युअल डेस्कटॉप विकत घ्यावं लागतं. चित्र दाबलेलं असतं, पण पायात वायर नाही. अंग हलवायच्या खेळांत या मोकळेपणाची बरोबरी कशालाच येत नाही.

वाय-फायबद्दल थोडं सविस्तर, कारण आपल्या घरांत घोडं इथेच अडतं. हा सगळा कारभार घरातल्या घरात चालतो. तुमचा इंटरनेट प्लॅन ५० एमबीपीएसचा आहे की ३०० चा, याचा चित्राच्या दर्जाशी संबंध नाही. संबंध आहे तो राउटर कुठे आहे याच्याशी. ५ गिगाहर्ट्झची लहर चिऱ्याच्या जाड भिंतीतून जाताना फार क्षीण होते. पुढच्या खोलीत राउटर आणि मागच्या खोलीत खेळणं, हे चिऱ्याच्या घरात जमत नाही. करायचं असं: संगणक लॅन केबलने राउटरला जोडा, वाय-फायने अजिबात नको. खेळायच्या खोलीत वाय-फाय ६ चा एक वेगळा राउटर आणा, मुख्य राउटरपासून लॅन केबल ओढून त्याला अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून चालवा. ५ गिगाहर्ट्झ, ८० मेगाहर्ट्झ रुंदी, चॅनेल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मध्ये पक्कं करा. मधले बरेच चॅनेल रडारशी वाटून घेतलेले असतात. रडारची चाहूल लागली की राउटर आपण होऊन चॅनेल बदलतो आणि ऐन खेळात चित्र थिजतं. त्या नव्या वाय-फायवर हेडसेटशिवाय दुसरं काही जोडू नका, फोनसुद्धा नाही.

आता एकेक नाव.

मेटा क्वेस्ट ३, ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेला. पॅनकेक भिंगं, त्यामुळे मध्यापासून कडेपर्यंत चित्र जवळपास सारखं स्पष्ट. वजन ५१५ ग्रॅम, १२० हर्ट्झपर्यंत, आतल्या बॅटरीवर दोन तासांच्या आसपास. बहुतेक लोकांना मी हाच सुचवतो. वायर आणि वाय-फाय दोन्हींवर चालतो, संगणक बंद असतानाही आपल्या चिपवर खेळ चालवतो, त्यामुळे पैसे वाया गेल्यासारखे वाटत नाहीत. उणीव म्हणजे पडदा एलसीडी. काळोख्या प्रसंगात काळं हे राखाडी दिसतं. सोबत येणारा कापडी पट्टाही कामाचा नाही, मागून घट्ट करायचा पट्टा वेगळा घ्यावा लागतो.

क्वेस्ट ३एस हा त्याचाच स्वस्त भाऊ, २०२४ चा. चिप तीच, पण पडदा आणि भिंगं २०२० च्या क्वेस्ट २ च्या तोडीची: १८३२ गुणिले १९२०, फ्रेनेल भिंगं. या भिंगांत मधला भाग स्वच्छ, कडा धूसर, आणि काळ्या पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर आलं की किरणं फुटल्यासारखी दिसतात. बीट सेबर आणि नेमबाजीसाठी हा झकास आहे. सिम्युलेटरसाठी नको. एका अंशात किती ठिपके येतात हे पाहिलं तर क्वेस्ट ३ मध्ये सुमारे २५ आणि ३एस मध्ये सुमारे २० येतात. कॉकपिटमधला मजकूर वाचताना एवढा फरकही चांगलाच जाणवतो.

प्लेस्टेशन व्हीआर२ फेब्रुवारी २०२३ मध्ये आला, आणि पीसीला जोडायचा अडॅप्टर ऑगस्ट २०२४ मध्ये. ओएलईडी पडदा, प्रत्येक डोळ्याला २००० गुणिले २०४०. भुताटकीचे खेळ आणि अंतराळातले खेळ यात जे काळं दिसतं ते क्वेस्टमध्ये दिसत नाही. मात्र भिंगं फ्रेनेल, आणि डोळा अगदी बरोबर जागी आला तरच चित्र धारदार. पीसीवर एचडीआर, डोळ्यांचा मागोवा, ट्रिगरचा बदलता ताण आणि हेडसेटचं कंपन यांतलं काहीच मिळत नाही, हे घेण्यापूर्वी माहीत असू द्या. डिस्प्लेपोर्ट १.४ ची केबल वेगळी घ्यावी लागते आणि संगणकात ब्लूटूथ हवं, कारण कंट्रोलर त्यावरच जोडले जातात. ज्याच्याकडे पीएस५ आधीच आहे त्याच्यासाठी हा उत्तम सौदा. नुसत्या पीसीसाठी मी क्वेस्ट ३ च घेईन.

पिमॅक्स क्रिस्टल लाइट हा सिम्युलेटरवाल्यांचा. प्रत्येक डोळ्याला २८८० गुणिले २८८०, काचेची भिंगं. फलकावरचा प्रत्येक आकडा सरळ बसल्या जागेवरून वाचता येतो. पण जड आहे, आणि त्याला पुरेसं चित्र पुरवायला भारी कार्ड लागतं. ते नसेल तर रिझोल्यूशन कमी करावं लागतं आणि मग हा घेण्यात अर्थ उरत नाही.

बिगस्क्रीन बियॉन्ड २ चं वजन अवघं १०७ ग्रॅम. डोक्यावर काही आहे असं वाटतच नाही. प्रत्येक डोळ्याला २५६० गुणिले २५६० चे मायक्रो-ओएलईडी पडदे. पण बेस स्टेशन आणि कंट्रोलर वेगळे घ्यायचे, त्यामुळे सगळं मिळून खर्च फार वर जातो. शिवाय चेहऱ्याची गादी आयफोनने चेहरा स्कॅन करून खास तुमच्यासाठी बनवायची असेल तर ती फक्त तुम्हालाच बसते. घरातल्या दुसऱ्या कुणाला नीट बसेल याची खात्री नाही. एकट्याने आणि मनापासून सिम्युलेटर खेळणाऱ्याने याचा विचार करावा.

वाल्व इंडेक्स २०१९ चा. १४४ हर्ट्झ आणि बोटंन् बोट ओळखणारे कंट्रोलर ही त्याची शान, पण १४४० गुणिले १६०० चा पडदा आता डासांच्या जाळीतून पाहिल्यासारखा वाटतो, आणि वजन ८०९ ग्रॅम. त्याची जागा घ्यायला वाल्वने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टीम फ्रेम जाहीर केला: २१६० गुणिले २१६० चे एलसीडी पडदे, पॅनकेक भिंगं, आणि पीसीला लावायचा स्वतःचा वायरलेस अडॅप्टर. तुम्ही जिथे बघता तिथलंच चित्र पूर्ण धारेने पाठवायची त्याची पद्धत मला फार आशादायक वाटते. वाल्वने आजवर आपलं हार्डवेअर भारतात अधिकृतपणे विकलेलं नाही, हे मात्र लक्षात ठेवा.

पायरी ६: घालून पाहा, मग पैसे द्या

पणजी, म्हापसा, मडगावच्या मॉलमधल्या गेम झोनमध्ये व्हीआर असतं, पण तिथले हेडसेट बहुधा जुने आणि हजार हातांतून गेलेले असतात. त्यावरून चित्राचा दर्जा ठरवू नका. मळमळ होते का, चेहऱ्यावर वजन सोसतं का, एवढंच पाहा. कुणा ओळखीच्याकडे नवा हेडसेट असेल तर त्याच्याकडे किमान वीस मिनिटं घालून बसा. पहिल्या दोन मिनिटांत सगळेच हेडसेट आवडतात. नाकाच्या हाडावर दाब येतो का, गालावर घाम साचतो का, हे वीस मिनिटांनीच कळतं.

पायरी ७: खरेदी, बिल आणि जुना माल

यांतले बरेच हेडसेट इथे आयात होऊन येतात. ऑनलाइन दुकानात नाव दिसलं म्हणजे कंपनीची भारतातली वॉरंटी आहे असं नव्हे. विकणाऱ्याला स्पष्ट विचारा: वॉरंटी कंपनीची की आयात करणाऱ्याची? बिघडला तर कुठे पाठवायचा, पाठवायचा खर्च कुणाचा? उत्तर लेखी घ्या, जीएसटीचं बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर घालून घ्या.

आपल्याकडे घरोघरी कुणीतरी दुबईला, कुवेतला किंवा जहाजावर असतं, तेव्हा ‘येताना घेऊन ये’ हा सोपा मार्ग वाटतो. चालेल, पण तिथल्या दुकानाचं बिल सोबत असू द्या, आणि सवलतीच्या मर्यादेपेक्षा किंमत जास्त असेल तर विमानतळावर जाहीर करून शुल्क भरा. हेडसेट बिघडला तर तो त्याच देशात परत पाठवावा लागेल, हे धरूनच ठरवा. चार्जर बहुतेक २४० व्होल्टचा चालतो, प्लगचा आकार तेवढा वेगळा असतो.

जुना घेताना तिरप्या उजेडात भिंगं पाहा, ओरखडे दिसतील. मग पांढरा पडदा लावा. पिवळे किंवा काळे ठिपके दिसले तर हेडसेट कधीतरी उन्हात उघडा पडला होता, भिंगाने ऊन एकवटून पडदा जाळला. त्याला इलाज नाही. कंट्रोलरवरची अंगठ्याने फिरवायची छोटी काठी हात न लावता सरकते का पाहा. क्वेस्ट असेल तर आधीच्या मालकाने आपलं खातं काढून फॅक्टरी रिसेट तुमच्यासमोर करायला हवं.

एक धोका इथे खास सांगतो. एचपी रिव्हर्ब जी२ आणि त्याच्या जातीचे सगळे विंडोज मिक्स्ड रिअ‍ॅलिटी हेडसेट आता स्वस्तात विकायला येतात. पडदा खरोखर चांगला आहे, पण मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून त्यांचा आधारच काढून टाकला. स्टीम या वाल्वच्या ऑनलाइन दुकानात ओएसिस नावाचा एक मोफत ड्रायव्हर आहे, त्याने ते पुन्हा चालतात, फक्त एनव्हिडियाच्या कार्डांवर. संगणकात स्वतः हात घालायची आवड नसेल तर या वाटेला जाऊ नका.

पायरी ८: पहिला आठवडा

घरी आणल्यावर आधी हेडसेट, कंट्रोलर आणि ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत करा. मग मुद्दाम खालून सुरुवात करा: ७२ हर्ट्झ, वाय-फायवर १०० एमबीपीएस बिटरेट (चित्र पाठवायचा वेग), स्टीमव्हीआर या वाल्वच्या व्हीआर सॉफ्टवेअरमध्ये रिझोल्यूशन आपोआप न ठेवता हाताने मध्यम. स्टीमव्हीआरचा फ्रेम वेळेचा आलेख चालू करा. तो सतत हिरवा राहिला की एकच गोष्ट वाढवा आणि पुन्हा खेळून पाहा. मी आधी रिझोल्यूशन वाढवतो, मग हर्ट्झ, बिटरेट सर्वांत शेवटी. तिन्ही एकदम वाढवल्या तर बिघाड कशामुळे झाला ते सापडत नाही. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच खेळा.

मळमळीचं कारण साधं आहे: डोळे म्हणतात आपण धावतोय, कानातला तोल म्हणतो जागेवर आहोत. म्हणून पहिले दिवस जागेवर उभं राहून खेळायचे खेळ घ्या. अ‍ॅलिक्समध्ये काठीने चालण्याऐवजी एका ठिकाणाहून थेट दुसऱ्या ठिकाणी पोचायचा (टेलिपोर्ट) पर्याय निवडा. जरा गरगरलं की लगेच थांबा, ‘एवढा भाग संपवतो’ म्हणून ताणू नका. ताणलं तर मग नुसता हेडसेट बघूनही पोटात कसंतरी होतं, आणि ते जायला बरेच दिवस लागतात. लहान मुलांसाठी मेटाने किमान वय १० ठेवलं आहे, सोनीने १२. ते पाळा.

पायरी ९: पावसाळ्यातली काळजी

ओळखीतल्या एकाचा हेडसेट ऑगस्टमध्ये कपाटातून काढला तेव्हा भिंग वरून स्वच्छ दिसत होतं. टॉर्च तिरपा धरला तर कडेपासून आत पांढरे केसासारखे धागे पसरलेले होते. ती बुरशी भिंगाच्या आतल्या बाजूला होती, पुसून जाण्यासारखी नव्हती. कॅमेरावाल्यांना हा प्रकार पाठ असतो, हेडसेटवाल्यांनाही असायला हवा.

घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा आणा. त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. सिलिका जेलने रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर सुकवून पुन्हा वापरता येतं. छायाचित्रकार वापरतात तसं ड्राय कॅबिनेट परवडत असेल तर काहीच बघायला नको. घामाने ओला हेडसेट मात्र लगेच डब्यात घालू नका. आधी गादी काढून पंख्याखाली पूर्ण वाळवा. मूळ फोमची गादी इथे टिकत नाही, धुता येणारं सिलिकॉनचं आवरण घ्या.

भिंग फक्त कोरड्या मायक्रोफायबरने, मधून बाहेर गोल पुसा. स्पिरिट किंवा सॅनिटायझर अजिबात लावू नका. एसीच्या खोलीतून दमट खोलीत आणलेल्या हेडसेटवर धुकं धरतं. ते आपोआप जाईपर्यंत चालू करू नका. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी यूएसबी-सी पोर्टला झाकण लावावं, खारी हवा पिना खाते. बरेच दिवस खेळणार नसाल तर कंट्रोलरमधल्या सुट्या बॅटऱ्या काढून ठेवा, आणि हेडसेटची आतली बॅटरी निम्मी भरलेली ठेवा.

वीज गडगडायला लागली की संगणक, राउटर आणि बेस स्टेशनचे प्लग भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, आणि दोन राउटरमधली लॅन केबल लांबून ओढली असेल तर तीही सोडवा. संगणकाला यूपीएस असेल तर राउटर त्याच यूपीएसवर घ्या, नाहीतर दिवे क्षणभर गेले की संगणक चालू राहतो आणि हेडसेटमधलं चित्र मात्र जातं.